बदलत्या हवामानात शेतकऱ्याच्या सोबतीला उभं राहायचं, तर सुरुवात कुठून करायची?

हा लेख या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी आहे. तुम्ही कृषी विस्ताराच्या नोकरीत नुकतेच रुजू झाला असाल, एखाद्या संस्थेतर्फे पशुपालकांबरोबर काम करणार असाल, किंवा घरच्याच शेतीत वडीलधाऱ्यांना काही नवं सुचवायची वेळ तुमच्यावर आली असेल. तिन्ही ठिकाणी पहिली चूक बहुधा एकच होते: आपण हवामानापासून सुरुवात करतो. मीही तीच केली होती. पहिल्या बैठकीला तापमानाचे आलेख घेऊन गेलो आणि पाऊण तास बोललो. सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. शेवटी मागे बसलेले एक आजोबा म्हणाले, "हे सगळं खरं असेल. पण मी येत्या हंगामात पेरणी कधी करू, ते सांगा." माझ्याकडे उत्तर नव्हतं.

त्यानंतरच्या वर्षांत मला जे उमगलं ते असं. प्रत्येक शेताचे आणि प्रत्येक गोठ्याचे वर्षातले दोन-तीन आठवडे फार नाजूक असतात. हवामान वर्षभर बदलत असतं, पण घर बसतं ते या आठवड्यांत. आपलं काम म्हणजे ते आठवडे शेतकऱ्याबरोबर बसून शोधायचे, आणि त्यांच्या आधी कोणता निर्णय कोणत्या तारखेला घ्यायचा हे डोकं थंड असताना ठरवून ठेवायचं. बियाणं, यंत्रं, योजना हे सगळं त्यानंतर.

पायरी १: वर्ष कागदावर मांडा

एक मोठा कागद, त्यावर बारा महिन्यांचे बारा रकाने. पेन शेतकऱ्याच्या हातात द्या, तुमच्या हातात ठेवू नका. पेरणी कधी, फुलोरा कधी, काढणी कधी, वैरण कधी संपते, विहिरीचं पाणी कधी तळाला जातं, गाई-म्हशी कधी वितात, हातात पैसा कधी नसतो, हे सगळं त्यावर येऊ द्या. घरातल्या बाईला बोलावल्याशिवाय हा कागद पुरा झाला असं समजू नका. धार काढणारी आणि पाणी भरणारी व्यक्ती जे सांगते ते बाकी कोणी सांगत नाही.

मग एकच प्रश्न विचारा: "गेल्या दहा-बारा वर्षांत सगळ्यात मोठा फटका कोणत्या वर्षी बसला, आणि नेमक्या कोणत्या आठवड्यात?" उत्तर "दुष्काळ पडला" असं आलं तरी तिथे थांबू नका, पुढे विचारत राहा. बऱ्याचदा खरी गोष्ट अशी निघते की पाऊस एकूण ठीक होता, पण दाणे भरायच्या वेळी पंधरा दिवस उघडीप पडली. किंवा पीक उत्तम आलं होतं आणि काढून ठेवलेलं भिजलं.

हे आठवडे नाजूक का असतात, हे तुम्हाला मुळातून माहीत हवं. भाताचा फुलोरा सकाळी काही तासच उमललेला असतो. त्या वेळी तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या वर गेलं की परागीभवन बिघडतं आणि लोंब्या पोकळ राहतात. रोप हिरवंगार दिसतं, म्हणून माणूस निर्धास्त असतो. नुकसान कळतं ते मळणीला. गव्हाला दाणे भरताना उष्णता लागली तर पीक लवकर पिकतं आणि दाणा बारीक राहतो. सफरचंदाचं उलटं: त्याला हिवाळ्यात ठरावीक तास थंडी मिळालीच पाहिजे, नाहीतर वसंतात कळ्या एकसारख्या फुटत नाहीत. म्हणजे एकाच वाढत्या तापमानाने तीन पिकं तीन वेगळ्या तऱ्हेने मोडतात. म्हणूनच "उष्णता वाढतेय, काळजी घ्या" या वाक्याचा शेतकऱ्याला काही उपयोग नाही.

पायरी २: आकडे विचारायच्या आधी माती पाहा

हवा तापली की ती जास्त बाष्प धरते, दर एका अंशाला साधारण ७ टक्के जास्त. २०११ ते २०२० या दशकात पृथ्वीचं सरासरी तापमान १८५०–१९०० च्या तुलनेत सुमारे १.१ अंशाने वाढलेलं होतं, आणि जमिनीवरची वाढ समुद्रापेक्षा जास्त आहे. याचा शेतातला अर्थ असा, की पाऊस आला की जोराने येतो आणि दोन पावसांच्या मधल्या उघडिपीत माती पूर्वीपेक्षा लवकर सुकते. म्हणून पहिला प्रश्न: आलेलं पाणी माती आत घेते का?

हे तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. काचेचे दोन ग्लास पाण्याने भरा. नांगरटीच्या शेतातलं सुपारीएवढं वाळलेलं ढेकूळ घ्या, आणि बांधावरचं, जिथे वर्षानुवर्षं गवत आहे, तिथलं तेवढंच दुसरं. दोन्ही जाळीच्या चमच्यात ठेवून हळूच पाण्यात सोडा. सेंद्रिय अंश कमी असलेलं ढेकूळ बुडबुडे सोडत बघता बघता विरघळतं आणि तळाशी चिखलाचा थर बसतो. बांधावरचं ढेकूळ तसंच टिकतं, पाणीही नितळ राहतं. मी हे अनेकांसमोर केलं आहे, आणि दर वेळी बोलणं थांबून सगळे त्या ग्लासात बघत राहतात. कारण पाऊस पडल्यावर आपल्या रानात काय होतं, तेच तिथे दिसत असतं: वरचे कण सुटे होतात, भोकं बुजतात, कडक पापुद्रा धरतो आणि पाणी वरून वाहून जातं.

त्याच वेळी हिशोबही मांडा. १ हेक्टरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर पाणी. ५० मिलिमीटरची एक जोरदार सर म्हणजे ५ लाख लिटर. त्यातलं अर्धं जरी वाहून गेलं तरी अडीच लाख लिटर गेलं, आणि सोबत वरची माती गेली. एवढं पाणी नंतर बाहेरून आणायचं म्हटलं तर काय होईल, हे शेतकरी मनातल्या मनात लगेच मोजतो.

उपाय जुनेच आहेत: आच्छादन (पिकाच्या अवशेषांनी जमीन झाकणं), मशागत कमी करणं, शेणखत, मधल्या काळात जमीन उघडी न ठेवता एखादं आच्छादन पीक घेणं, उताराला आडवी पेरणी, चर. उघडी जमीन किती महागात पडते याचा सगळ्यात मोठा धडा अमेरिकेने १९३० च्या दशकात घेतला. मैदानांवरचं मूळचं गवत नांगरून टाकलेलं होतं, त्यात अवर्षण आलं आणि माती वाऱ्यावर उडाली. १४ एप्रिल १९३५ चं वादळ इतकं दाट होतं की भर दिवसा अंधार झाला. त्याच महिन्यात तिथे मृदसंधारणाचा कायदा झाला.

एक सावधगिरी. आच्छादन करायला सांगाल तेव्हा आधी विचारा की पिकाचे अवशेष सध्या कुठे जातात. ते जनावरांच्या पोटात जात असतील, तर तुमचा सल्ला जनावरांना उपाशी ठेवणारा आहे. आधी दुसऱ्या वैरणीची सोय, मग आच्छादन.

पायरी ३: हंगामाचा अंदाज वाचायला शिका, मगच शिकवा

इथे माझ्या हातून एकदा मोठं नुकसान झालं आहे. हंगामाचा अंदाज "सरासरीपेक्षा जास्त" असा होता. मी बैठकीत सांगून टाकलं, "यंदा पाऊस चांगला आहे." पहिल्या सरी आल्या, लोकांनी पेरलं आणि नंतर जवळजवळ तीन आठवडे थेंब नाही. दुबार पेरणी करावी लागली. हंगामाच्या शेवटी एकूण पाऊस खरोखरच सरासरीपेक्षा जास्त भरला. अंदाज चुकला नव्हता, मी तो चुकीचा सांगितला होता. हंगामाचा अंदाज एकूण पावसाबद्दल असतो. तो कधी पडेल आणि मध्ये किती दिवस उघडीप राहील, हे त्यात नसतं.

दुसरी गोष्ट टक्क्यांची. हंगामी अंदाज सहसा तीन भागांत येतो: कमी, सरासरीइतका, जास्त. काहीच माहिती नसेल तर प्रत्येकाची शक्यता सुमारे ३३ टक्के. समजा अंदाज आला की कमी ४५, सरासरी ३५, जास्त २०. हे समजावताना मी वीस दाणे घेतो, ९ एका रंगाचे, ७ दुसऱ्या, ४ तिसऱ्या. पिशवीत टाकायचे आणि एकेकाला न बघता एक दाणा काढायला लावायचा. कोणाच्या तरी हातात "जास्त"चा दाणा येतोच. मग सगळ्यांच्या लक्षात येतं की पारडं कोरड्या बाजूला झुकलं आहे, पण ओलं वर्षही पिशवीत आहे. अशा वर्षी सगळं रान एकाच पिकावर लावायचं नाही, एवढा निष्कर्ष ते स्वतःच काढतात.

आणि पेरणीची तारीख? ती हंगामी अंदाजावर नाही, ओलीवर ठरवायची. खड्डा करून ओल किती खोल गेली आहे ते हाताने बघायचं, वाफसा (माती ना चिखल, ना कोरडी, अशी पेरणीजोगी स्थिती) बघायचा, पुढच्या आठवड्याचा लघुमुदतीचा अंदाज बघायचा, आणि मग तिफण, म्हणजे पेरणीचं अवजार, बाहेर काढायची. शेतात साधं पर्जन्यमापक ठेवून रोज सकाळी एकाच वेळेला आकडा लिहायला लावा. दूरच्या केंद्रावरचा पाऊस आणि या रानातला पाऊस यांत किती फरक पडतो, हे एका हंगामात कळतं.

पायरी ४: निर्णयाला तारीख बांधा

या लेखातलं एकच काही लक्षात ठेवायचं झालं, तर ही पायरी ठेवा. अवर्षणात माणूस चुकीचा निर्णय घेतो असं फार क्वचित होतं. तो बरोबर निर्णय उशिरा घेतो. "अजून आठवडाभर वाट बघू" असं करत दोन महिने जातात. तोवर जनावरं खंगलेली असतात, बाजारात सगळेच विकायला आलेले असतात आणि कुरणातलं गवत मुळापर्यंत खाल्लेलं असतं.

म्हणून चांगल्या दिवसांत बसून लिहून काढायचं: "अमुक तारखेपर्यंत गवताची वाढ नेहमीच्या अर्ध्याच्या खाली असेल, तर आम्ही हे हे करू." तारीख कशी काढायची? त्या भागातलं गवत कोणत्या महिन्यांत वाढतं ते बघा. वाढीचा मुख्य काळ संपत आला की नंतरच्या पावसाने फारशी भर पडत नाही. ती तारीख म्हणजे निर्णयाची तारीख. त्याच्या आधी एक तपासणीची तारीख ठेवा, म्हणजे अचानक अंगावर येत नाही.

वैरणीचा हिशोब असा करा. ४०० किलोच्या गाईला दिवसाला वजनाच्या साधारण अडीच टक्के कोरडा चारा लागतो, म्हणजे १० किलो. अशी १२ जनावरं आणि १२० दिवस काढायचे असतील तर १४,४०० किलो. हा आकडा कोरड्या चाऱ्याचा आहे. ज्या हिरव्या चाऱ्यात ८० टक्के पाणी असतं, त्याचे ५० किलो घातले तेव्हा कुठे १० किलो कोरडा चारा पोटात जातो. हाताशी असलेली गंजी आणि मुरघास (हवाबंद साठवलेला हिरवा चारा) मोजून या आकड्यातून वजा करा. जी तूट उरते ती तीनच मार्गांनी भरते: चारा आणणे, जनावरं दुसरीकडे नेणे, जनावरं कमी करणे.

कमी करायची वेळ आली तर कोणती आधी, हेही आधीच लिहून ठेवा. म्हातारी, गाभण न राहणारी, सतत आजारी पडणारी पुढे. चांगल्या वंशाच्या तरुण गाई सगळ्यात शेवटी, कारण पाऊस परत आल्यावर कळप त्यांच्यावरच उभा राहणार असतो. यावर बोलताना घाई करू नका. लोकांनी या जनावरांना नावं ठेवलेली असतात. मी कागदावर पहिलं नाव लिहायला कधीच सांगत नाही. ते घरातल्यांनी, त्यांच्या वेळेने लिहायचं असतं.

कुरणाचा नियम सोपा आहे: अर्धं खाऊ द्या, अर्धं ठेवा. पानांचा निम्म्याहून जास्त भाग गेला की गवताची मुळं वाढायची थांबतात. आखूड मुळांचं गवत पुढच्या उघडिपीत आधी मरतं. कुरणाचे भाग पाडून आळीपाळीने चारणं आणि चरून झालेल्या भागाला पुरती विश्रांती देणं, यात खर्चापेक्षा शिस्त जास्त लागते.

पायरी ५: भर दुपारी गोठ्यात उभे राहा

सकाळी गोठा बघून काही कळत नाही. दुपारी तीनच्या सुमाराला जा. गाईच्या बरगड्यांमागची कुशी वर-खाली होते ती ३० सेकंद मोजा आणि दुप्पट करा. मिनिटाला ६० च्या वर श्वास म्हणजे तिला उष्णतेचा ताण सुरू झाला आहे. तोंड उघडं, जीभ बाहेर, लाळ गळते आहे, तर लगेच सावली, पाणी आणि वारा. तिथे सल्ला देत उभं राहायची वेळ नसते.

नुसतं तापमान बघून फसायला होतं, कारण आर्द्रता जास्त असेल तर जनावराला अंगातली उष्णता बाहेर टाकता येत नाही. तापमान आणि आर्द्रता मिळून एक निर्देशांक काढतात. दुभत्या गाईला त्यात ७२ च्या वर ताण पडतो असं धरलं जातं, आणि जास्त दूध देणाऱ्या गाईला ६८ पासूनच. तापमान ३० अंशच असलं, तर ३० टक्के आर्द्रतेला हा निर्देशांक सुमारे ७५ येतो आणि ७० टक्क्यांना ८१. दूध कमी होतं ते बहुधा दोन दिवसांनी. म्हणून मालक कारण आजच्या चाऱ्यात शोधतो, आणि खरं कारण परवाच्या दुपारी असतं.

करायचं काय? सावली आणि पाणी आधी. पाणी गार, भरपूर आणि सावलीत. चाऱ्याचा मोठा वाटा संध्याकाळी आणि रात्री द्या, कारण रवंथ आणि पचनातूनही उष्णता तयार होते. अंगावर पाणी मारायचं असेल तर वाऱ्याची सोय हवीच. कोंदट गोठ्यात नुसतं पाणी मारलं तर दमटपणा वाढतो आणि त्रासही. रात्री गोठा गार होतो का ते जरूर बघा. दिवसभर साठलेली उष्णता जनावर रात्री बाहेर टाकतं. रात्रीही उकाडा असेल तर ते दुसऱ्या दिवशी सकाळीच थकलेलं असतं.

पायरी ६: नवं काहीही आधी एका कोपऱ्यात

नवीन वाण, नवीन पद्धत, नवीन चारापीक, काहीही सुचवताना सगळ्या रानाला हात लावू नका. एक कोपरा, शेजारी जुनी पद्धत, दोन्हींना सारखी जमीन आणि सारखी पेरणीची तारीख. फरक शेतकऱ्याने स्वतः तोलून बघायचा.

मोठे बदलही असेच रुजले आहेत. पश्चिम आफ्रिकेतल्या बुर्किना फासोमध्ये याकुबा सावादोगो या शेतकऱ्याने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या पारंपरिक 'झाई' खड्ड्यांमध्ये सुधारणा केली. कडक झालेल्या जमिनीत पाऊस यायच्या आधी खड्डे घ्यायचे, त्यात शेणखत टाकायचं, मग वाळवी येऊन जमीन पोखरते आणि पहिलं पाणी खड्ड्यात मुरतं. जिथे काही उगवत नव्हतं तिथे धान्य आलं आणि पुढे झाडंही उभी राहिली. शेजारच्या नायजरमध्ये टोनी रिनाउडो हे ऑस्ट्रेलियन कृषितज्ज्ञ रोपं लावून लावून थकले होते, कारण ती जगत नव्हती. मग त्यांच्या लक्षात आलं की शेतात झुडपं म्हणून छाटली जातात ती जुन्या झाडांच्या जिवंत मुळांना आलेली फूट आहे. १९८३ पासून त्यांनी शेतकऱ्यांबरोबर त्यातले निवडक कोंब राखून वाढवायला सुरुवात केली, आणि पुढे लाखो हेक्टरांवर झाडं परत आली. दोघांनाही २०१८ मध्ये राइट लाइव्हलीहूड पुरस्कार मिळाला. शेतात आधीपासून जिवंत काय आहे, हे बघितल्याशिवाय बाहेरचं काही आणू नका, असं मी नवीन मुलांना सांगतो ते या दोन गोष्टींमुळे.

वाण सुचवायचा असेल तर नाजूक आठवड्याशी जोडून सुचवा. 'स्वर्णा-सब१' हे भाताचं वाण साधारण दोन आठवडे पाण्याखाली बुडूनही तगतं. पूर येणाऱ्या सखल रानाला त्याचा खरा उपयोग. उंचावरच्या रानात ते लावून त्या गुणाचा काहीच फायदा नाही.

पायरी ७: आपल्या सल्ल्याने काय बिघडेल ते विचारा

ठिबकने एका शेतातलं पाणी वाचतं. पण वाचलेल्या पाण्यावर क्षेत्र वाढवलं, तर विहिरी तितक्याच वेगाने आटतात. एकाने बोअर खोल नेली की शेजाऱ्याची कोरडी पडते. जास्त दुधाची संकरित गाय उष्णता कमी सोसते. यातलं काहीच निषिद्ध नाही, पण सल्ला देण्याआधी हे बोलून घेतलं पाहिजे.

विम्याचंही तसंच. केनियातल्या मार्साबिट भागात २०१० पासून पशुपालकांसाठी असा विमा आला, की उपग्रहातून दिसणारा कुरणांचा हिरवेपणा ठरावीक पातळीखाली गेला की भरपाई मिळते. पंचनाम्याची वाट बघावी लागत नाही, हे मोठं सुख. पण निर्देशांक अख्ख्या भागाचा असतो. तुमचंच कुरण वाळलं आणि बाकीचा भाग हिरवा राहिला, तर हातात काही येत नाही. हे कागदावर सही करायच्या आधी स्पष्ट सांगा, नंतर नाही.

पायरी ८: परत जा

पहिल्या भेटीतला बारा महिन्यांचा कागद जपून ठेवा आणि हंगाम संपल्यावर तोच घेऊन त्याच ओसरीवर बसा. नाजूक आठवडा आला तेव्हा काय झालं? ठरवलेल्या तारखेला निर्णय घेतला का? नसेल, तर का? बऱ्याचदा उत्तर हवामानाचं नसतं: घरात लग्न होतं, मुलाची फी भरायची होती, ट्रॅक्टर मिळाला नाही. तेही त्या रकान्यात लिहा आणि तारीख त्याप्रमाणे मागे-पुढे करा. मग दोन ग्लास आणि चमचा घेऊन रानाच्या त्याच कोपऱ्यात जा, आणि ढेकूळ या वर्षी किती वेळ टिकतं ते दोघांनी मिळून बघा.